तुम्ही विचारलंत म्हणून: जाळी बारीक केली की झालं?

एखाद्या प्रदेशाची हवा चौकटींच्या जाळीत विभागून तिचं गणित करणाऱ्या प्रादेशिक हवामान मॉडेलवर काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच: "संगणक एवढे मोठे झालेत, मग मॉडेलची जाळी आणखी बारीक करा ना. अंदाज सुधारेल."

आपोआप तर नाहीच सुधारत.

सुरुवातीला माझीही हीच समजूत होती. जाळीचं अंतर नऊ किलोमीटरवरून तीनवर आणलं तेव्हा पडद्यावरचं चित्र बघून मी हरखून गेलो. गडगडाटी ढगांच्या रांगा, त्यांच्यापुढे पसरणारा गार वारा, अगदी रडारवर दिसावं तसं सगळं. पडताळणीत मात्र गुण घसरले. मॉडेलनं ढग चांगला उभा केला होता, पण वीस किलोमीटर बाजूला. पाऊस पडला तिथे दाखवला नाही, ही एक चूक; दाखवला तिथे पडला नाही, ही दुसरी. जाड जाळीनं मात्र सगळीकडे मोघम रिमझिम पसरून जास्त गुण पटकावले! (म्हणून आता एकेका चौकटीऐवजी आसपासच्या किती भागात पाऊस पडला, ते ताडून बघतात.)

शिवाय अंतर निम्मं केलं की दोन्ही दिशांना चौकटी दुप्पट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे खर्च साधारण आठपट. तेवढ्यात तेच मॉडेल आठदा चालवता येतं, दर वेळी सुरुवातीची स्थिती किंचित बदलून. हेच एन्सेम्बल, आणि त्यातली एकेक फेरी म्हणजे एक मेंबर. किंचित बदलानं एवढा काय फरक पडतो? १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झनी आपल्या मॉडेलमध्ये सुरुवातीचा आकडा म्हणून ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं, आणि मॉडेलमधले दोनेक महिने उलटेपर्यंत दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. गडगडाटी ढगाच्या बाबतीत अशी फारकत व्हायला काही तास पुरतात.

पण खरी डोकेदुखी पुढे आहे. मेंबर एकमेकांसारखेच निघतात. प्रादेशिक मॉडेलला चारी सीमांवरची हवा जागतिक मॉडेलकडून उसनी घ्यावी लागते. मी एकदा सगळ्या मेंबरांना एकच सीमा दिली. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या त्या एकाच हवेनं आतला फरक धुऊन नेला, आणि दहाही मेंबर एका सुरात चुकले. प्रत्येकाला जागतिक एन्सेम्बलचा वेगळा मेंबर जोडून दिला तेव्हा कुठे पांगापांग झाली. ती किती असावी? सरासरी अंदाज जितका चुकतो, साधारण तितकीच. आमची अजूनही कमी पडते, म्हणून ढग आणि जमिनीलगतच्या हवेच्या सूत्रांनाही थोडे यादृच्छिक धक्के देतो.

तेव्हा उद्या मोठा संगणक मिळालाच, तर मी तीन किलोमीटरवरच थांबेन. उरलेली ताकद मेंबर वाढवायला आणि दर तासाला रडारची निरीक्षणं मॉडेलमध्ये मुरवायला वापरेन. माझ्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही, त्याला एक किलोमीटरच हवं. दऱ्यांतल्या धुक्यापुरतं त्याचं म्हणणं मला मान्य आहे.