इन-इअरसाठी अ‍ॅम्प निवडताना पॉवर सगळ्यात शेवटी बघा

पोर्टेबल हेडफोन अ‍ॅम्पच्या खोक्यावर पॉवरचा आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो. इन-इअर (कानाच्या आत बसणारा इअरफोन) वापरणाऱ्याच्या कामाचा सगळ्यात कमी आकडाही तोच. हिशेब करून बघा. १६ ओहम इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) आणि १०५ डीबी/मिलिवॅट सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती मोठा वाजतो) असा साधा इन-इअर घ्या. त्याची सेन्सिटिव्हिटी व्होल्टमध्ये मोजली तर १२३ डीबी/व्होल्ट येते. (सूत्र सोपं आहे: डीबी/मिलिवॅटमध्ये १० × लॉग(१०००/ओहम) मिळवायचं. १६ ओहमला हे १८ भरतात, ३२ ओहमला १५.) गाण्यातला सगळ्यात जोराचा क्षण १०० डीबीपर्यंत न्यायला सुमारे ७० मिलिव्होल्ट पुरतात, म्हणजे मिलिवॅटचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मग ३०० मिलिवॅटचा अ‍ॅम्प घेऊन नॉब घड्याळातल्या सातवरून आठपर्यंतच फिरवायचा, असं होतं.

तुलना करायची ती आधी आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याची. मल्टी-बीए (एकात अनेक बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चिमुकले ड्रायव्हर असलेल्या) इन-इअरचा इम्पीडन्स सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो. समजा तो कुठे ८ ओहमपर्यंत उतरतो आणि कुठे ४० ओहमपर्यंत चढतो. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल तर ८ ओहमच्या जागी ७ डीबी गळतात आणि ४० ओहमच्या जागी फक्त २. म्हणजे इन-इअरचा टोन तब्बल ५ डीबीने वाकडा झाला. तेच आउटपुट १ ओहमचं असेल तर फरक ०.८ डीबीवर येतो. 'अमुक अ‍ॅम्प वॉर्म वाजतो, तमुक ब्राइट' या चर्चांमागे बरेचदा एवढंच गणित असतं. एटिमोटिक या इन-इअर कंपनीने हा परिणाम मुद्दाम वापरला होता: त्यांच्या ईआर४पी मॉडेलला ७५ ओहमची अडॅप्टर केबल जोडली की तो ईआर४एससारखा वाजायचा.

'आउटपुट इम्पीडन्स इन-इअरच्या एक अष्टमांशाहून जास्त नको' हा प्रचलित नियम ठीक आहे, पण खोक्यावरचा ओहमचा आकडा बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो. भागाकार सगळ्यात खालच्या इम्पीडन्सला करा. प्लॅनर (पातळ सपाट पडद्याच्या) इन-इअरचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, सिंगल डायनॅमिकचाही (एकच साधा कॉइलवाला ड्रायव्हर) फारसा हलत नाही. त्यांच्या बाबतीत आवाज थोडा कमी होतो, टोन जवळजवळ तसाच राहतो. तिथे या आकड्यासाठी जीव टाकायची गरज नाही.

कंपनीने आकडा दिला नसेल तर घरी काढता येतो. १०० हर्ट्झचा साइन टोन लावा आणि आउटपुट २०० मिलिव्होल्टच्या आसपास ठेवा. काही न जोडता व्होल्टेज मोजा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, १ वजा करा, ३३ ने गुणा. २०० चे १९४ झाले तर आउटपुट इम्पीडन्स साधारण १ ओहम. मल्टिमीटरला एसी मिलिव्होल्ट रेंज हवी. ज्यावर एसीला फक्त २०० आणि ७५० व्होल्ट असतं तो स्वस्तातला मीटर इथे बिनकामाचा.

त्यानंतर नॉइज, म्हणजे गाणं नसतानाही मागे येत राहणारा आवाज. १० मायक्रोव्होल्ट नॉइजचा अ‍ॅम्प वर घेतलेल्या १६ ओहमच्या इन-इअरमध्ये २३ डीबीचा सूंऽऽ आवाज देतो. शांत खोलीत तो कळतो. २ मायक्रोव्होल्टला तोच ९ डीबीवर येतो आणि विषय संपतो. तपासताना गाणं नुसतं पॉझ करू नका. कित्येक डोंगल (फोनला लावायचे छोटे अ‍ॅम्प) सिग्नल थांबला की आउटपुट म्यूट करतात आणि खोटी शांतता ऐकू येते. पूर्ण कोरी ऑडिओ फाइल वाजवा आणि नॉब फिरवा. सूंऽऽ आवाज नॉबबरोबर वाढला तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून किंवा सोर्समधून येतोय. नॉब कुठेही असो, आवाज तेवढाच राहिला तर दोष आउटपुट स्टेजचा. हे नीट लक्षात ठेवा, खाली लागेल.

अ‍ॅनालॉग पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलणारा व्हॉल्यूम नॉब) असलेल्या अ‍ॅम्पमध्ये तिसरी कटकट असते. नॉबच्या सुरुवातीच्या भागात डावं-उजवं सारखं चालत नाही. मोनो फाइल लावून आवाज अगदी कमी करा. गायक एका बाजूला सरकला तर इअरफोन उलटे घाला. गायकही बाजू बदलत असेल तर दोष अ‍ॅम्पचा किंवा इअरफोनचा. तो त्याच कानात राहिला तर कान तपासा. लो गेनवर (सिग्नल कमी वाढवणारं सेटिंग) नॉब पुढे न्यावा लागतो, म्हणून इन-इअरला कायम लो गेन. स्टेप अ‍ॅटेन्युएटर (ठरावीक पायऱ्यांनी आवाज कमी करणारा नॉब) किंवा डिजिटल व्हॉल्यूमवाल्यांना ही भानगड नसते.

बॅलन्स्ड ४.४ मिमी आउटपुटचं (ज्यात दोन्ही चॅनेलच्या निगेटिव्ह तारा वेगळ्या असतात) कौतुक जरा जास्तच होतं. व्होल्टेज दुप्पट होतं, पण आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो आणि नॉइज साधारण ३ डीबीने वाढतो. संवेदनशील मल्टी-बीएला हा तोट्याचाच सौदा. आणि बॅलन्स्ड आउटपुटला ३.५ मिमी इअरफोन जोडणारं साधं अडॅप्टर कधीच लावू नका. दोन्ही चॅनेलच्या निगेटिव्ह तारा एकमेकींना शॉर्ट होतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. उलट दिशेने, म्हणजे ३.५ मिमी आउटपुटला बॅलन्स्ड केबल, चालतं.

दोन अ‍ॅम्प कानांनी ताडून बघायचे असतील तर आधी दोघांचं व्होल्टेज इअरफोन जोडलेल्या अवस्थेत १ टक्क्याच्या आत जुळवा. एरवी किंचित मोठा वाजणारा जिंकतो, आणि मग 'साउंडस्टेज' (आवाजाचा पसारा) वगैरे शब्द सुरू होतात.

अ‍ॅम्प आधीच घेतलाय आणि सूंऽऽ आवाज येतोय? नॉबबरोबर न बदलणारा असेल तर प्रत्येक चॅनेलला दोन रेझिस्टर पुरतात: २२ ओहम सिरीजमध्ये, त्यापुढे २.२ ओहम सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये. पाव वॉटचे चालतील. १६ ओहमच्या इन-इअरला नॉइज सुमारे २२ डीबीने खाली येतो, आउटपुट इम्पीडन्स २ ओहमच्या आसपास राहतो, नॉबही मधल्या, सारख्या चालणाऱ्या भागात येतो. मात्र अ‍ॅम्पला आता साधारण २४ ओहमचं ओझं दिसतं आणि त्याच ७० मिलिव्होल्टसाठी जवळपास ०.९ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे एकदाचं त्या जादा पॉवरला काम मिळतं. नुसता सिरीज रेझिस्टर मात्र नको, केबलवरचा व्हॉल्यूम कंट्रोलही नको. त्यांनी आउटपुट इम्पीडन्स वाढतो आणि वरची ५ डीबीची गडबड परत येते. नॉइज सोर्समधूनच येत असेल तर या जोडणीचा उपयोग नाही, कारण गाणं पुन्हा मोठं केलं की तोही तेवढाच मोठा होतो. तिथे सोर्स बदला.