सईचे तळवे जुळेनासे झाले तेव्हा

सईला आरती फार आवडते. शब्द तिला येत नाहीत, पण घरात सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच. त्या वर्षी गणपतीत ती टाळ्याच वाजवेना. पहिले दोन दिवस उजव्या हाताची मूठ डाव्या दंडावर आपटून तिने ताल धरला आणि तिसऱ्या दिवसापासून आजीच्या मांडीवर नुसती बसून राहिली. "सईबाईंना कंटाळा आला वाटतं," सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. सई तेव्हा सहा वर्षांची होती. तिला संधिवात आहे हे कळायला तिथून पुढे 14 महिने गेले.

सईला डाऊन सिंड्रोम आहे. 21 नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. अशा जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. सईच्याही होता, सातव्या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गोळी तिसऱ्या वर्षापासून चालू आहे. दर तीन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांकडे आमची फेरी असतेच. म्हणजे तिच्याकडे लक्ष नव्हतं असं नाही. लक्ष होतं ते हृदयाकडे, थायरॉइडकडे, बोलण्याकडे. तिच्या बोटांकडे कोणी बघत नव्हतं, मीसुद्धा नाही.

आता मागे वळून बघितलं की एकेक गोष्ट समोर येते. दिवाळीपर्यंत तिने पेस्टची ट्यूब दाबणं सोडलं, ती माझ्या हातात देऊ लागली. पोळ्या करताना तिला कणकेचा छोटा गोळा लागायचा, तो ती परातीत ढकलून द्यायला लागली. जिना उतरताना हात वर करून "कडे" म्हणायची, म्हणजे कडेवर घे. वर्षभर खपून शिकवलेलं, तीन बोटांत पेन्सिल धरणं गेलं आणि पुन्हा मुठीत पेन्सिल आली. शाळेतून निरोप आला की सई हट्टी झाली आहे, गोलात उभी राहत नाही, खाली बसली की उठत नाही. मी घरी तिला रागावले. त्याचं आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांकडे गेलो नाही असंही नाही. पहिल्यांदा ऐकलं, "या मुलांचे स्नायू सैलच असतात, चालायचंच." दुसऱ्या ठिकाणी तळपाय सपाट आहेत म्हणून बूट लिहून दिले. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला आला. ड जीवनसत्त्वाचे सॅशे झाले, कॅल्शियम झालं. आमच्या गल्लीत त्या पावसाळ्यात चिकुनगुनियाचे पेशंट होते म्हणून ती तपासणीही झाली, निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्ततपासणी करायला सांगितलं. तो निगेटिव्ह आला आणि ईएसआर ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणीही नॉर्मल, तेव्हा "संधिवात नाही" असं कागदावरच आलं. शेजारच्या काकूंनी तर "एवढ्याशा पोरीला कसला संधिवात?" म्हणून विषयच संपवला. वाढीच्या वयात पाय दुखतात, हेही पुष्कळ जणांनी सांगितलं. पण ते दुखणं रात्रीचं असतं आणि सकाळी पोर उड्या मारत उठतं. सई सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसून राहायची, पाय खाली टेकवायचीच नाही. दहा-साडेदहानंतर जरा मोकळी व्हायची. शाळा अकराची असल्यामुळे हे फक्त घरच्यांनाच दिसायचं.

सगळं डाऊनच्या खात्यावर टाकलं गेलं. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. डाऊन असलेलं मूल उशिरा शिकतं हे खरं, पण शिकलेलं सोडून देणं हा डाऊनचा भाग नाही. आलेली गोष्ट जात असेल तर तिला दुसरं कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

ते सापडलं आमच्या फिजिओथेरपीच्या ताईंमुळे. सैल स्नायूंसाठी आम्ही त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचो. माघातल्या एका थंड सकाळी त्यांनी सईच्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग माझा हात घेऊन आधी मांडीवर ठेवला, मग गुडघ्यावर. गुडघा मांडीपेक्षा गरम होता. हे मी कधी करून बघितलं नव्हतं. मग त्या सईला म्हणाल्या, "सई, बाप्पाला नमस्कार कर." सईने हात जोडले, पण तळवे टेकलेच नाहीत. बोटांची टोकं जुळली, मनगटं लांब राहिली आणि मध्ये लिंबू बसेल एवढी फट. "हिचे सांधे मुळातले ढिले," ताई म्हणाल्या. "हिची मनगटं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वळायला हवीत. आपल्याइतकी वळली तरी ती कमीच झाली. इथे तर तेवढीही नाहीत."

अशा मुलांचा संधिवात हातून निसटतो तो इथेच. ढिला सांधा आखडत आखडत साधारण मुलाइतका होतो आणि तपासणाऱ्याला तो नॉर्मल वाटतो.

लहान मुलांच्या संधिवाताचे डॉक्टर वेगळे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. साताऱ्याहून पुण्याला जायचं ठरलं, पण सईला न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं, मग शाळा, मग पावसाळा. तारीख मिळून प्रत्यक्ष जायला कार्तिक उजाडला. ताईंनी एक काम सांगितलं होतं, ते आधीच करून ठेवलं होतं: सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, सलग सात दिवस, काही न बोलता. पलंगावरून न्हाणीघरापर्यंतचं अंतर चार पावलांचं. एका व्हिडिओत ते कापायला सईला दोन मिनिटं दहा सेकंद लागलेली आहेत, भिंतीला धरून, तळपायाच्या बाहेरच्या कडेवर चालत.

डॉक्टरांनी आधी तो व्हिडिओ बघितला, पुन्हा बघितला, आणि मगच सईकडे वळले. तिला खुर्चीवर न बसवता ते स्वतः सतरंजीवर बसले. नमस्कार, मग उलटा नमस्कार म्हणजे हातांच्या पाठी जुळवणं, मुठी, छताकडे बघणं, टाचांवर चालणं, असं सगळं खेळाखेळात. नंतर बोटाचा एकेक सांधा चिमटीत धरून, तिच्या तोंडाकडे बघत. सई रडली नाही. तिने फ्रॉकची बाही तोंडात धरली. "ताई, घरी दुखलं की ही असंच करते का?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी हो म्हणाले, आणि त्याच क्षणी कळलं की बाही चावते म्हणून आम्ही वर्षभर तिला ओरडत होतो.

चेहऱ्यांचं चित्र दाखवून "किती दुखतं" विचारतात ना, ते सईला कधीच जमलं नाही. तिला हसरा चेहरा आवडतो, ती त्यावरच बोट ठेवते. न बोलणाऱ्या मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायची पद्धत आहे, आणि त्यात आपल्या मुलाच्या खास सवयी आईवडिलांनी भरायच्या असतात. आमच्या कागदावर लिहिलं आहे: बाही चावते, गुणगुणणं बंद होतं, हात पोटाशी घेते.

सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्याची सूज आणि दुसरं कारण सापडत नाही, तर तो मुलांचा संधिवात. रक्ताची अशी एकच तपासणी नाही की जी हो किंवा नाही सांगेल. सोनोग्राफीत दोन्ही मनगटं, बोटांचे सहा सांधे आणि दोन्ही गुडघ्यांत सूज दिसली. डाव्या मनगटाच्या हाडाला झीज सुरू झाली होती. औषध लगेच मात्र दिलं नाही. डाऊनच्या मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो आणि त्यातही सांधे दुखतात. स्टेरॉइड आधी दिलं तर तो झाकला जातो, म्हणून रक्ताचा थेंब काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासून घेतला. ते दोन दिवस आम्ही दोघं कसे राहिलो ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की आयर्लंडमध्ये डाऊनच्या पाचशेवर मुलांचे सांधे मुद्दाम तपासले, तेव्हा 18 मुलांत कोणाच्याच लक्षात न आलेला संधिवात निघाला. इतर मुलांत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास, यांच्यात त्याच्या कितीतरी पट जास्त. मग हृदय आणि थायरॉइडसारखी सांध्यांची तपासणी यांच्या यादीत का नसावी, हा माझा प्रश्न आहे. नमस्कार करायला सांगायला यंत्र लागत नाही.

गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला थोडी भूल लागणार होती. त्याआधी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि मानेचा एक्स-रे झाला, कारण या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. मग मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवात आवरणारी गोळी. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर घातक, म्हणून आमच्या कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी लाल गोल आहे. डाऊनच्या मुलांना याचा त्रास जास्त होतो असं आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. दोन महिन्यांनी पिवळी गोळी दिसली की सईला उमासे यायचे, पुढे नुसती डबी वाजली तरी. गोळीचं इंजेक्शन केलं, फॉलिक अ‍ॅसिड वाढवलं, तरी जमेना.

आता सांध्यांची सूज आवरायला पंधरा दिवसांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन असतं. त्याआधी टीबीची चाचणी आणि छातीचा एक्स-रे करावाच लागतो. औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि वीज गेली की माझा जीव वरखाली होतो. भारतात बनणारं मिळतं म्हणून आवाक्यात आहे, तरी खर्च मोठाच. निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे वर्षाला जास्तीत जास्त 1 लाख मिळतात, त्यातही ओपीडीला वेगळी मर्यादा. बिलं आणि चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. डोळ्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी, कारण या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि मूल काही सांगत नाही, डोळा बहुतेकदा लालही होत नाही.

गुडघे मोकळे झाले. जिना सई एकटी उतरते. उजवे-डावे तळवे आता जवळजवळ टेकतात, डावं मनगट मात्र पूर्ण वळत नाही आणि वळणार नाही असं सांगितलं आहे.

फिजिओच्या ताईंनी पुठ्ठ्यावर मुलीचं चित्र काढून दिलं आहे. रोज सकाळी दूध प्यायच्या आधी आम्ही ते सईपुढे धरतो आणि विचारतो, "कुठे?" सहा महिने ती त्या मुलीच्या वेणीवरच बोट ठेवायची. गेल्या सोमवारी तिने चित्रातल्या उजव्या घोट्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या घोट्यावर, आणि माझ्याकडे बघितलं. मी हात लावला. घोटा पोटरीपेक्षा गरम होता. सकाळचे तीन व्हिडिओ घेऊन झाले आहेत, गुरुवारी पुण्याला निघतो आहोत.