भूत न दाखवता घाबरवणारा सिनेमा

आज घरी सगळ्यांनी मिळून 'द हाँटिंग' पाहिला. १९६३ चा, दिग्दर्शक रॉबर्ट वाइजचा, ब्लॅक अँड व्हाइट, एका झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घराची गोष्ट. संपल्यावर जी वादावादी झाली ती अजून डोक्यातून जात नाहीये.

भाचा म्हणाला, "आत्या, यात भूत येतच नाही, मग घाबरायचं कशाला?" मला तर नेमकं तेच आवडतं! बंद दार आहे, पलीकडून कुणीतरी रेटतंय आणि लाकूड आत फुगतं, परत मागे जातं, जणू दार श्वास घेतंय. बस्स, एवढंच. पलीकडे काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि तो हाताचा प्रसंग! अंधारात नायिका एलेनॉरला वाटतं, त्या घरात तिच्यासोबत असलेल्या थिओ नावाच्या बाईने आपला हात घट्ट धरलाय. दिवा लागतो तेव्हा थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग हात कुणाचा होता? इथे भाचाही गप्प झाला होता, हे मी पाहिलंय.

एलेनॉरचं मनातलं बोलणं सतत ऐकू येतं, त्याचा वहिनीला कंटाळा आला. मला ते हवंच वाटतं. ज्युली हॅरिसने ही बाई इतकी एकटी उभी केलीय की ते भयाण घरसुद्धा तिला आपलं वाटायला लागतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. १९९९ च्या रिमेकने कॉम्प्युटर इफेक्ट्स वापरून सगळं उघड दाखवलं आणि सगळी मजा घालवली.

ज्यांनी जुना पाहिलाय त्यांनी सांगा, तुमच्या मते घर झपाटलेलं होतं की सगळं एलेनॉरच्या मनातलं?