कूलर गार हवा देतोय तोवर

पाडवा झाला की बाहेरगावच्या नातेवाईकांचे फोन सुरू होतात. "काय म्हणतंय सोलापूर, चाळीस पार गेलं म्हणे?" म्हणजे तब्येत वगैरे नंतर, आधी टेम्परेचर. टीव्हीवाल्यांनी तो लाल नकाशा दाखवून दाखवून लोकांच्या डोक्यात असं बसवलंय की सोलापूर म्हणजे एक आकडा, काल 40.8 होता, उद्या 41.2 होणार, संपला विषय. मला या आकड्याचा खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. इथं राहणाऱ्याला माहितीये की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातला 41 आणि मे मधला 39 यात लई फरक असतो, आणि दोन्हीतला एक निवड म्हणलं तर मी डोळे झाकून 41 घेईन.

कारण सगळा खेळ हवेतल्या पाण्याचा आहे. सध्या दुपारी आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असते, एखाद दिवशी त्याच्याही खाली जाते. इतक्या कोरड्या हवेत पाणी थांबतच नाही, उडतं, आणि उडताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातं, माठ त्याच्यावर चालतो आणि कूलर पण त्याच्यावरच. हिशोबच सांगतो, हवा 41 डिग्री आणि आर्द्रता 15 टक्के असेल आणि थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर पारा 21-22 पर्यंत खाली येतो. कूलर पार तिथपर्यंत नेत नाही पण 26-27 ची हवा आरामात फेकतो, दुपारी दोनला चादर घ्यावीशी वाटते. हेच आर्द्रता 40 टक्के झाली की 40 डिग्रीच्या हवेत ते ओलं फडकं 28-29 च्या खाली जातच नाही, मग कूलर म्हणजे नुसता मोठा पंखा आणि वर चिकचिक फुकट. म्हणून आमच्या घरी उन्हाळ्याचे दोन भाग आहेत, कूलर चालतो तो आणि कूलर चालत नाही तो. सध्या पहिला भाग चालू आहे, आणि हा भाग मला मनापासून आवडतो, हसायचं तर हसा.

फोनमधलं ते 'फील्स लाइक' बघितलंय का कधी? मुंबईचं 33 असतं आणि फील्स लाइक 40, आपलं 41 असतं आणि फील्स लाइक 39. मुंबईच्या मामेभावाला मी याचा स्क्रीनशॉट पाठवतो दरवर्षी. त्याचं उत्तर येत नाही.

अर्थात याच्यात एक गोम आहे. घाम आला आला म्हणेपर्यंत वाळतो त्यामुळं आपल्याला घामच आला नाही असं वाटतं, आणि संध्याकाळी शर्टावर पांढरे मिठाचे पट्टे दिसतात तेव्हा कळतं किती पाणी गेलंय ते. गाडीवर फिरणाऱ्या पोरांनी हे जरा मनावर घ्या बे. ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून जायचा, आणि टॉवेलला तर आपल्याकडं काय तोटा नाही, अख्ख्या देशाला आपण पुरवतो.

एवढी कोरडी हवा येते कुठनं, तर एक म्हणजे आपण सह्याद्रीच्या पार पलीकडं, पर्जन्यछायेत, समुद्रापासून लांब. मार्च आणि अर्धा एप्रिल वारा येतो तो उत्तर-वायव्येकडनं, जमिनीवरनं तापत तापत. आणि दुसरं म्हणजे आपली काळी माती. रब्बीची ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली, मातीत वरच्या थरात ओल शिल्लक नाही, त्यामुळं उन्हाची ताकद पाणी उडवण्यात खर्चच होत नाही, सरळ जमीन आणि हवा तापवण्यात जाते. मंगळवेढ्याकडं गेलात तर मालदांडी ज्वारीच्या रानात भेगा बघा, हात आत जाईल एवढ्या. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, वरची भुगा झालेली माती भेगांत पडत राहते, त्यामुळं ती आपली आपणच खालीवर होते म्हणतात शेतकरी. दुपारी बारा-एकला असल्या मोकळ्या रानात वावटळी उठतात, कडबा, पाचोळा, प्लास्टिक पिशव्या सगळं घेऊन गरगरत जातात आणि बांधाशी जाऊन एकदम विरतात. परवा अक्कलकोट रोडनं येताना लांबवर दोन दिसल्या एकाच वेळी, मागं बसलेलं पोरगं खूश.

आता या कोरडेपणावर कोण कोण जगतं बघा. आमच्या गल्लीत सध्या प्रत्येक गच्चीवर वाळवण आहे. शेजारच्या अक्कांचं (तेलुगू घर आहे, तीन पिढ्या सोलापुरात) गणित पक्कं असतं, "ढग यायच्या आत कुरडया उरकून घ्यायच्या बघा, नंतर केलं की आतनं ओल राहती आणि वास मारती." हवामान खातं काहीही म्हणू दे, अक्कांनी गहू भिजत घातले म्हणजे पुढचे चार दिवस आभाळ साफ, असं आम्ही समजतो. तिकडं पंढरपूर, सांगोला भागात द्राक्षाचा बेदाणा पण याच हवेवर होतो, शेडमधे जाळ्यांवर द्राक्षं 12-15 दिवस पसरून ठेवायची आणि हवेनं पाणी ओढून न्यायचं. या दिवसात एक अवकाळी सर आली की माल काळा पडतो, भाव निम्मा. बागायतदार लोकं मार्च-एप्रिलमधे आभाळाकडं ज्या नजरेनं बघतात ना, ती नजर जूनमधल्या नजरेच्या बरोब्बर उलटी असते.

पण शहराच्या पूर्व भागातल्या लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागवाल्यांना विचारा, ते या हवेला शिव्या घालतात. सुती धागा दमट हवेत ताकद धरतो, कोरड्यात ठिसूळ होतो आणि तुटतो, विणकामाला 70-80 टक्के आर्द्रता चांगली असं ते धरून चालतात. बाहेर 15 टक्के असताना आत पत्र्याच्या शेडमधे फरशीवर बादल्या ओतायच्या, खिडक्यांना ओली पोती लावायची, तरी दुपारी धागा तुटून लूम थांबतोच. एकाच शहरात एकाच दुपारी गच्चीवर पाणी नको म्हणून पळापळ आणि खाली शेडमधे पाणी पाहिजे म्हणून, आणि नळाला तर बऱ्याच भागात काही दिवसांआड पाणी. असो, तो विषय काढला तर आज दुसरं काही लिहून होणार नाही.

झाडांकडं येतो. लोकांना वाटतं उन्हाळ्यात सगळं वाळतं, पण आत्ता जरा मान वर करून बघा. कडुनिंब पूर्ण फुललाय. फेब्रुवारीत पानं गाळून बसला होता, मार्चमधे ती तांबूस पोपटी पालवी आली आणि आता पांढरट बारीक फुलांचे झुपके, सकाळी फिरायला गेलं की रस्त्यावर सडा आणि तो गोडसर वास, तो वास पण पहाटेच, नऊ नंतर ऊन चढलं की गायब. पाडव्याला आम्ही पानं खातो आणि अक्कांकडं उगादीच्या पच्चडीत फुलं लागतात, नवी चिंच, गूळ, कैरी आणि वर ही कडुनिंबाची फुलं, त्यामुळं आमच्या दारातल्या एकाच झाडाची पानं इकडं आणि फुलं तिकडं अशी वाटणी वर्षानुवर्षं चालू आहे. पिंपळाची पानं अजून तांब्याच्या रंगाची आहेत, आठ-दहा दिवसात हिरवी होतील. करंजाखाली फिकट जांभळी फुलं पडलीत. ही सगळी झाडं मुळं खोल टाकून बसलेली असतात, गेल्या सप्टेंबरमधला पाऊस (आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरचाच) खाली मुरलेला असतो तो ती आत्ता ओढतात. पाऊस सुरू व्हायच्या आत पानं तयार पाहिजेत, फळं पिकून बी जमिनीवर पडलेलं पाहिजे, म्हणून ही घाई. लिंबोळ्या बरोब्बर जूनच्या तोंडावर पिकतात ते उगीच नाही.

पळस संपला. बहाव्याच्या कळ्या लोंबायला लागल्यात, दोन आठवड्यात पिवळाजर्द होईल. गुलमोहराला एक-दोन फांद्यांवर लाल दिसतंय, बाकी अजून बोडका. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, फोटो त्याचे सगळे काढतात, पण माझं मत विचाराल तर बहाव्यापुढं तो काहीच नाही.

पक्ष्यांची बदली झालीये. भोरड्या निघाल्यात, हिवाळाभर ज्वारीवर ताव मारला, मधे पळस-पांगाऱ्याचा मध प्याल्या, आणि आता मध्य आशिया, पूर्व युरोपकडं अंडी घालायला चालल्या. संभाजी तलावाकडं संध्याकाळी थवे दिसायचे ते आता तुरळक. कोकीळ मात्र पहाटे साडेचारपासून सुरू, आणि त्याचं कारण म्हणजे कावळ्यांची घरटी बांधायला सुरुवात झालीये, समोरच्या विजेच्या खांबाजवळच्या झाडावरचं घरटं काड्या कमी आणि तारा-सूत जास्त असं दिसतंय. तांबट दिवसभर टुक टुक टुक. पावशा अजून ऐकला नाही, तो बोलला की समजायचं हवा पालटायला लागली.

सगळ्यात भारी मंडळी मात्र शहरात नाहीत, माळावर आहेत. बार्शी रोडला वीसेक किलोमीटरवर नान्नज, 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते अशी परिस्थिती आहे, पण काळवीट आहेत, लांडगा आहे आणि या दिवसात माळटिटवी. गवत पिवळं पडलंय, कुसळं मोज्यात घुसतात, सावली म्हणून नाही, आणि ही बाई भर उन्हात उघड्या जमिनीवर चार खडे मांडून तिथं अंडी घालते. घरटं असं काही नाहीच. जमीन एवढी तापते की अंडी नुसती सोडली तर उकडून निघतील, म्हणून नर-मादी आळीपाळीनं वर उभं राहून सावली धरतात, आणि पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि तशीच ओली अंड्यांवर बसतात. म्हणजे कूलरच. आमच्या कूलरचं जे फिजिक्स तेच यांचं, फक्त यांना लाइटबिल नाही. पखुर्डी म्हणून माळावरचाच एक पक्षी आहे, त्याचा नर तर पोटाच्या पिसात पाणी शोषून कितीतरी लांबनं पिल्लांना प्यायला आणतो, पिल्लं त्याच्या पोटाखाली तोंड घालून पिसं चोखतात. जाणार असाल तर सकाळी आठच्या आत उरका, आणि गाडीवाट सोडून माळात उगाच फोटोसाठी शिरू नका, अंडी अगदी खड्यासारखी असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

उजनी धरणाचं पण सांगायला पाहिजे. "उजनी मायनसमधे जाणार" ही बातमी याच महिन्यात फिरते आणि पुण्या-मुंबईची लोकं घाबरतात की धरण आटलं. मायनस म्हणजे उपयुक्त साठा संपला, धरणाच्या एकूण 117 टीएमसीतला निम्म्याहून जास्त मृतसाठाच आहे, त्यामुळं पाणी असतंच, फक्त कालव्याला येत नाही. पाणी मागं सरकलं की काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथं रोहित पक्षी (फ्लेमिंगो हो) माना खाली घालून चरत असतात. फारच खाली गेलं तर पळसदेवचं जुनं देऊळ पण वर येतं. ते बघायला गर्दी होते, पण ज्यांची जमीन-घरं तिथं खाली गेली त्यांना ते बघताना काय वाटत असेल कोण जाणे.

आता हे सगळं किती दिवस टिकेल? माझा अंदाज अजून आठ-दहा दिवस. गेले दोन दिवस दुपारी तीननंतर दक्षिणेला, विजापूरच्या बाजूला, कापसाचे ढग वर चढताना दिसतायत. एप्रिल सरत आला की बंगालच्या उपसागराकडनं ओलावा आत घुसायला लागतो, इकडनं येणारा कोरडा वारा आणि तिकडनं येणारा दमट वारा यांची गाठ कर्नाटक-मराठवाड्याच्या पट्ट्यात पडते आणि आपण बरोब्बर त्या रेषेवर बसलोय. पहिल्या एक-दोन वेळेला नुसती फसवणूक असते. आभाळ काळं होतं, गडगडतं, आणि पाऊस ढगातनं निघतो पण खालच्या कोरड्या हवेत वाटेतच उडून जातो, उडताना हवा थंड आणि जड करतो, ती हवा धाडकन खाली येते आणि आपल्या वाट्याला येतो तो धुळीचा लोट, पडलेल्या कैऱ्या, उडालेले पत्रे आणि गेलेली लाइट. चार थेंब. मृदगंध वगैरे वास येतो पण भिजत काही नाही. खरा वळीव त्यानंतर, आणि त्याच्यासोबत विजा, तेव्हा दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर सांगतं. आणि जनावरं झाडाखाली बांधू नका, दरवर्षी तेच वाचायला लागतं.

तेव्हा रात्रीचं किमान तापमान पण बघायला लागा. कमाल आकडा सगळे बघतात, पण आत्ता पहाटे 23-24 ला येतंय म्हणून गच्चीवर झोप लागते, ढग आले की ते 27-28 ला अडकतं, जमिनीची उष्णता रात्री वर निघून जायला वाट मिळत नाही, आणि मग गच्ची पण नको आणि घर पण नको.

आणि हो, मे च्या 10-11 तारखेच्या आसपास सोलापुरात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. घड्याळात बारा वाजता बघू नका, आपलं खरं मध्यान्ह साधारण 12 वाजून 20-25 मिनिटांनी होतं. एखादी सरळ बाटली किंवा स्टीलचा डबा गच्चीवर उभा ठेवायचा आणि त्याची सावली पायाखाली जाते का बघायचं. पोरांना टोपी घालून न्या, चपला घालून न्या, फरशी जाम पोळते. ऑगस्टच्या सुरुवातीला परत एकदा येतो तो दिवस पण तेव्हा आभाळ असतं, त्यामुळं बघायचं तर मे मधेच.