पैकुळचा पूल

२३ जुलै २०२१ रोजी दुपारी मी आमच्या मराठी दैनिकाच्या पणजी कार्यालयात डेस्कवर असताना गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील वार्ताहराचा फोन आला. म्हादई नदीने पात्र सोडले होते. "पैकुळचो पूल व्हांवन गेलो, बाब," एवढे त्याने सांगितले आणि रेंज गेली. तासाभराने दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून त्याची तीन छायाचित्रे आली. त्यांतील एकात गोठ्याच्या वळचणीपर्यंत गढूळ पाणी चढले होते आणि कौलांवर चार कोंबड्या अंग चोरून बसल्या होत्या.

आमच्या दैनिकाची मालकी महाराष्ट्रातील असल्यामुळे पहिले पान मुख्यालयात लागते आणि गोव्याच्या वाट्याला त्यातले दोन कॉलम येतात. त्या दिवशी चिपळूण पाण्यात होते, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली होती. तेव्हा सत्तरीचा पूर पान तीनवर टाकण्याचा निर्णय सर्वस्वी चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. तरीही मी फोन करून निदान एक छायाचित्र पहिल्या पानावर मागितले. "मृत किती?" असे तिकडून विचारण्यात आले. माझ्याकडे पडलेल्या घरांची मोजणी होती, आणि तीही अपुरी.

मालकीचा प्रश्न गोव्याला नवा नाही. १९६२ साली 'गोमन्तक' निघाला तो चौगुले घराण्याचा, १९७० साली 'नवप्रभा' निघाली ती धेंपे घराण्याची. दोन्ही घराणी खाण व्यवसायातली, आणि हे वाचकालाही ठाऊक असे. 'गोमन्तक' पुढे पुण्याच्या सकाळ समूहाकडे गेला. खाणमालकाचे वृत्तपत्र म्हटले की लोक खाणीची बातमी जरा निरखून वाचत; बाहेरच्या मालकाच्या बाबतीत मात्र निरखून पाहावे असे काही समोर येतच नाही, कारण जी बातमी पहिल्या पानावर आलीच नाही तिच्याविषयी संशय कोण घेणार? (स्थानिक मालकीच्या काळात सत्तरी रोज पहिल्या पानावर असे, असा माझा दावा नाही, पणजीलाही सत्तरीतली वाळपई दूरच वाटते.)

रात्री साडेदहाला तळाशी दोन कॉलमांत कोंबड्यांचे छायाचित्र घेण्याचे कबूल झाले आणि पान छपाईला गेले.

दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन आला. बातमी पान तीनवर गेल्याची तक्रार त्याने केली नाही. छायाचित्राखाली 'पैकुळ'ऐवजी 'पैंगीण' छापले आहे आणि पैंगीण दक्षिणेकडच्या काणकोणात येते, एवढेच त्याने सांगितले.