कृपया इथे झाड लावू नका

इंदूरचं मी फार लिहिणार नाही. पोहे, शेव, आत्याचा आग्रह, दुपारची झोप आणि रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारातली चेंगराचेंगरी. त्या बाजाराचं लोकांना इतकं काय कौतुक आहे देव जाणे, मला तर अर्ध्या तासात गुदमरायला झालं. लिहायचंय ते धारच्या पुढच्या माळाबद्दल, कारण तिथे मी जी चिडले ती अजून शांत झालेली नाही.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, निवृत्त झाल्यापासून एका वृक्षारोपण मंडळात आहेत. पाच जून, पर्यावरण दिन. "तुला पक्षीबिक्षी लागतात ना, चल आमच्याबरोबर. मोकळी हवा आहे," म्हणाले. अहमदाबाद रस्त्याने गाडी निघाली. शेवेच्या पुड्या, थर्मासमधला चहा, जुनी भावगीतं. माणसं इतकी प्रेमळ की यांच्याशी भांडायची वेळ येईल असं वाटलंच नाही.

सरदारपूरच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलो. मुरमाड जमीन, वाळून पिवळं पडलेलं घोट्याएवढं गवत, मधूनमधून काळे दगड. "बघ, काहीच नाहीये इथे," काका म्हणाले. "चार वर्षांत जंगल उभं करतो." माळभर ओळीने खड्डे खणून तयार होते.

त्या 'काहीच नाही'तून एक चिमणीएवढा पक्षी उडाला. डोंबारी, चंडोलाच्याच कुळातला. डोकं राखाडी, डोळ्यातून गेलेली काळी पट्टी आणि हनुवटीपासून पोटापर्यंत सगळं काळंभोर. बहुतेक पक्ष्यांचं पोट फिकं असतं, याचं नेमकं उलट. मादी मात्र साधी मातकट, गवतात बसली तर दोन हातांवरून दिसत नाही. नर फडफडत सरळ वर चढला, क्षणभर थबकला आणि पंख मिटून दगडासारखा सुटला. खाली येताना लांबलचक शीळ. जमिनीवर आपटतो की काय असं वाटेपर्यंत आला आणि त्याच वेगावर पुन्हा वर. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, मी रोप हातात धरून उभीच. शेजारून शेळ्या हाकत जाणारा म्हातारा हसला, "ये तो रोज का है इसका."

मादी उठली ती एका खड्ड्याच्या कडेने. ढेकळाच्या आडोशाला मूठभर खळगा, आत गवताच्या काड्या, कडेला बारीक खडे रचलेले आणि मधे तपकिरी ठिपक्यांची दोन अंडी. खड्डा तिथून जेमतेम वीतभर. तेरा-चौदा दिवस उबवणीचे, नर-मादी आळीपाळीने बसतात. त्या उन्हात खरं काम अंड्यांवर सावली धरण्याचंच, त्यामुळे आम्ही भोवती कोंडाळं करून उभं राहणं म्हणजे अंडी शिजवणं. सगळ्यांना लांब नेलं. फोटो काढू न दिल्याबद्दल दोघीजणी माझ्यावर रुसल्या.

काकांना झाडाखालीच समजवावं म्हटलं, पण तिथे झाड कुठलं? उन्हातच बोललो. मी म्हटलं, या पक्ष्याला झाड नकोच आहे. त्याला चारी बाजूंनी मोकळं दिसायला हवं. झाड वाढलं की त्यावर कावळा बसतो, शिक्रा बसतो, त्यांना जमिनीवरचं घरटं वरून आयतं दिसतं. सावली पडली की गवत बदलतं, गवत बदललं की बिया आणि किडे बदलतात, आणि हा खातो तेच. काका म्हणाले, "अगं, पण पडीक जमीन आहे." सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हटलं की कुणी सोलर लावतो, कुणी कारखाना, कुणी कडुनिंब. कडुनिंबवाल्यांचा त्रास मला जास्त होतो, कारण त्यांच्यावर ओरडता येत नाही.

याच भागात तणमोर या माळावरच्या दुर्मिळ पक्ष्यासाठी १९८३ मध्ये सरदारपूरचं अभयारण्य झालं, रतलामकडे सैलान्याचंही त्याच वर्षी. तणमोर आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे, २०२१ पासून. त्याच्या नावावर गावकऱ्यांच्या जमिनींची खरेदी-विक्री वर्षानुवर्षं अडकली, त्यामुळे तणमोर म्हटलं की इथल्या शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या, आणि त्यात त्याची काही चूक नाही. डोंबाऱ्याच्या नावाने मात्र कुणी काही राखत नाही. तो संकटात नाही, अजून भरपूर आहे. भारतीय उपखंडाबाहेर कुठेही सापडत नाही, हे ऐकूनही मंडळात कुणाला विशेष वाटलं नाही. तणमोर दिसला का, एवढंच विचारत होते. तो पाऊस पडल्यावर येतो, हे सांगून मी थकले.

माझं मत असं की माळ वाचवायचा तर आधी त्याला माळ म्हणून राहू द्यावं. पाळीपाळीने चराई होऊ द्यावी, गवत कापायचं ते पाखरांची पिल्लं उडाल्यावर कापावं, आणि कुदळ शहराकडे वळवावी. इंदूरच्या नव्या कॉलन्यांत सावलीला एक धड झाड नाही, तिथे लावा की शंभर. काका ऐकून घेत होते. "पटतंय गं," शेवटी म्हणाले, "पण खड्ड्यांची मजुरी देऊन झालीय." घरट्याजवळच्या दोन ओळी तेवढ्या सोडल्या. बाकीच्यांत रोपं गेली. पावसाचा पत्ता नाही, पाणी घालायला कोण येणार हेही ठरलेलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी धारला थांबवून सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. घरी पोचेस्तोवर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आलेला होता: हातात कडुनिंबाचं रोप, तोंड आकाशाकडे केलेली मी. खाली लिहिलेलं, "खास नाशिकहून आलेल्या आमच्या वृक्षमित्र."