फुगा फुटतो त्या उंचीवर

काजूचा मोहर काळवंडला की हल्ली आमच्या पेडण्यात दोष थेट उत्तर ध्रुवाला लागतो. परवा बाजारात एका बागायतदाराने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "भाऊ, तुम्ही हवामानातले ना? वाचा हे. ध्रुवावर म्हणे चाळीस डिग्रीने तापलंय, म्हणून आपल्याकडे हे धुकं." म्हटलं, तापलं असेल, ध्रुवावरची खूप उंचावरची हवा हिवाळ्यात कधीकधी अशी अचानक तापते. पण आपल्या धुक्याचं त्याच्याशी नातं जोडू नका. त्यांना काही ते पटलं नाही. बाजारात उभ्याउभ्या पटण्यासारखं ते नाहीच.

मी नोकरीत असताना पणजीला आल्तिनोवर हवामानाचे फुगे सोडायचो. उजाडायच्या आत हायड्रोजन भरायचा, खाली रेडिओसोंडची, म्हणजे तापमान-दाब मोजून रेडिओने कळवणाऱ्या यंत्राची, डबी बांधायची, सोडून द्यायचा आणि आकडे बघत बसायचं. गोव्यावर सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत तापमान घसरत घसरत उणे ८०° च्या आसपास जातं. तिथून वर मात्र ते पुन्हा चढू लागतं, कारण स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, सुरू झालेलं असतं. फुगा चांगला निघाला तर तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो. तिथला दाब १० हेक्टोपास्कल, म्हणजे जमिनीवरच्या दाबाचा शंभरावा हिस्सा. आमच्या अक्षांशावर तिथे दिवसागणिक फारसं काही घडत नाही.

बर्लिनमध्ये मात्र घडलं. १९५२ च्या हिवाळ्यात जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांना फुग्यांच्या नोंदींत दिसलं, की स्थितांबराचं तापमान दोन-तीन दिवसांत भसकन वर गेलंय. 'यंत्र बिघडलं' असा शेरा मारून मोकळं व्हायला तो आकडा अगदी सोयीचा होता! त्यांनी तसं केलं नाही, म्हणून ही घटना, म्हणजे स्थितांबराचं अचानक तापणं, आज आपल्याला ठाऊक आहे. हे का होतं, याचं नीट उत्तर जपानचे हवामानशास्त्रज्ञ तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये दिलं.

हिवाळ्यात ध्रुवावर सूर्यच उगवत नाही. वरची हवा थिजत जाते आणि तिच्याभोवती पश्चिमेच्या वाऱ्याचं जबरदस्त कडं फिरू लागतं. तोच ध्रुवीय भोवरा. खाली रॉकी आणि हिमालयासारखे पर्वत, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक, यांमुळे हवेत हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्या वर चढतात आणि विरळ हवेत फोफावून फुटतात. फुटल्या की वाऱ्याला आडव्या येतात. कडं मंदावतं, कधी भोवरा ध्रुवावरून सरकतो, कधी त्याचे चक्क दोन तुकडे होतात. मग ध्रुवावरची हवा खाली बसते आणि दाबली जाऊन तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम होतं ना, तसंच. बाहेरून गरम हवा येऊन ध्रुव तापतो ही समजूत चुकीची आहे, आणि मोबाईलवर फिरणारं निम्मं लिखाण तिच्यावरच उभं असतं. शिवाय 'तापला' म्हणजे उणे ७०° चा उणे ३०° झाला. तिथे कुणी घाम पुसत बसलेलं नाही.

६० अंश उत्तर अक्षांशावर, १० हेक्टोपास्कलच्या उंचीवर, पश्चिमेचा सरासरी वारा उलटून पूर्वेचा झाला की त्याला मोठी घटना म्हणतात. उत्तर गोलार्धात दशकाला सरासरी सहा तरी होतात. दक्षिणेत पर्वत कमी आणि अंटार्क्टिकाभोवती सगळा समुद्र. त्यामुळे लाटा दुबळ्या आणि भोवरा दांडगा. नोंदलेली मोठी घटना तिथे एकच, सप्टेंबर २००२ ची. तेव्हा ओझोनच्या छिद्राचेही दोन भाग झाले. २०१९ मध्ये भोवरा पुन्हा खिळखिळा झाला, हवा तापल्याने छिद्र लहान राहिलं आणि लगेच 'ओझोन भरून आला' म्हणून निरोप फिरले. पुढच्याच वर्षी ते छिद्र मोठं झालं आणि बराच काळ टिकलं. ते निरोपवाले तेव्हा कुठे होते कोण जाणे.

माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. तिथे आपली माणसं ढिगाने आहेत. २०१८ च्या फेब्रुवारीत, १२ तारखेच्या सुमारास भोवरा फुटला. दोनेक आठवड्यांनी युरोपवर पूर्वेकडून कडाक्याची थंडी आली. इथे धुळवडीचे रंग, शिगम्याचे ढोल, आणि तिकडून त्याचा फोन: "मामा, गाडी बर्फातून निघत नाही, कामावर गेलोच नाही." एवढा वेळ लागतो, कारण वरची उलथापालथ हळूहळू खाली झिरपते आणि जमिनीजवळचे वारे बदलायला आठवडे जातात. कधी ती झिरपतच नाही, वरच्या वर जिरून जाते.

आणि गोव्याचं काय? ध्रुवावर हवा खाली बसते तेव्हा उष्ण कटिबंधावर ती वर चढते आणि स्थितांबर काही अंशांनी गार होतं. आपला वाटा एवढाच, तोही सगळा विमानांच्याही वर. मोहरावरच्या धुक्याला खालची दमट हवा आणि निरभ्र, निवांत रात्र पुरते. बागायतदारांनी मोहरावरची कीड बघावी, ध्रुव नको.

निवृत्तीनंतरही हिवाळ्यात मी त्या ६० अंशांवरच्या वाऱ्याचा आलेख उघडून बघतो. रेघ शून्याखाली गेली, म्हणजे वारा उलटला, की भाच्याला निरोप टाकतो: दोनेक आठवडे बघ, कदाचित काहीच होणार नाही, पण जाड कोट एवढ्यात धुवायला टाकू नकोस.